मॅडमनी आम्हाला बाहेर बसूच दिलं नाही

लहान मुलांच्या थेरपीच्या या सेंटरला पाचपैकी साडेचार स्टार देतेय, अर्धा का कापला ते पुढे सांगते. रिव्ह्यू मोठा आहे पण ज्यांच्या घरी हे चालू आहे त्यांनी पूर्ण वाचा, कारण लेकरू मेंदूच्या ऑपरेशनमधून सुखरूप बाहेर आलं की सगळे म्हणतात सुटलात एकदाचे, आणि डिस्चार्जच्या कागदावर खाली एकच ओळ असते, फिजिओ, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे हाताची आणि रोजची कामं परत शिकवणं), स्पीच चालू ठेवा. बस. कुठे जायचं, काय बघायचं, कुठली जागा चांगली कुठली नाही हे कोणी सांगत नाही, आम्ही पण तो कागद घेऊन वेड्यासारखे फिरलोय.

आधी थोडं आमचं सांगते म्हणजे पुढचं कळेल. मुलगा तेव्हा सात वर्षांचा, दुसरीत. दोन-अडीच महिने सकाळी उठला की डोकं दुखायचं, मग उलटी व्हायची, उलटी झाली की जरा बरं वाटायचं आणि शाळेत जायचा. आम्ही पित्त समजलो, औषधही पित्ताचंच मिळालं, मग चष्म्याचा नंबर तपासला. चालताना भिंतीला धरायला लागला तेव्हा सासूबाई म्हणाल्या हे पित्त नाही, पोराचा तोल जातोय. एमआरआयमध्ये लहान मेंदूत गाठ निघाली आणि त्या गाठीमुळे पाण्याचा मार्ग अडून डोक्यात पाणी साठलेलं. ऑगस्ट २०२३ मध्ये ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली, रिपोर्ट पायलोसायटिक अ‍ॅस्ट्रोसायटोमा, ग्रेड १ आला, म्हणजे कॅन्सरसारखी पसरणारी नव्हे, पूर्ण निघाली तर बहुतेक वेळा परत काही लागत नाही अशी. रेडिएशन नाही, केमो नाही. त्या दिवशी हे हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडले, आनंदाने.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी तो बोलला, पाणी मागितलं, ताई कुठंय विचारलं. तिसऱ्या दिवसापासून एक शब्द नाही. डोळे उघडेना, मान धरेना, हात लावला की किंचाळायचा, गिळता येईना म्हणून नाकातून नळी. सर्जननी समजावून सांगितलं की लहान मेंदूच्या मधल्या भागातली गाठ काढल्यावर काही मुलांचं बोलणं असं एक-दोन दिवसांनी बंद पडतं, त्याला सेरेबेलर म्युटिझम म्हणतात, काही दिवस ते काही महिने लागू शकतात, पण बोलणं परत येतं, फक्त आधी तुटक आणि संथ येतं. हे मी इथे मुद्दाम लिहितेय कारण आम्हाला नात्यातल्या लोकांनी बाहेरचं बघा म्हणून सांगितलं, एकांनी तर लिंबू घेऊन आयसीयूच्या दारापर्यंत यायची तयारी केली होती. कोणाच्या लेकराचं असं झालं असेल तर घाबरू नका म्हणणार नाही, घाबरायला होतंच, पण हा आजाराचाच भाग आहे, त्याला नाव आहे, डॉक्टरांना तो माहीत आहे.

घरी आणलं तेव्हा गणपती चार-पाच दिवसांवर. त्या वर्षी आरती आम्ही हळू आवाजात म्हटली, घंटा वाजवली नाही, आवाज झाला की तो दचकून रडायचा.

सेंटरबद्दल बोलायच्या आधी आम्ही जिथे तीन आठवडे गेलो ती पहिली जागा. नाव नाही लिहीत. जागा मोठी, भिंतींवर रंगीत चित्रं, एसी, परदेशी मशिनं, रिसेप्शनला दोन मुली. साठ सेशनचं पॅकेज एकदम भरा म्हणाले, आम्ही वीसचं भरलं. मुलाला आत न्यायचे, दार बंद, आम्ही बाहेर सोफ्यावर. आई समोर असली की मूल रडतं, सहकार्य करत नाही, असं सांगितलं, ते थोडं खरंही असेल. पण बोलता न येणारं मूल, आत काय झालं ते सांगू शकत नाही, आणि बाहेर येताना रोज चेहरा रडून सुजलेला. विचारलं की 'छान केलं आज'. घरी काय करायचं विचारलं तर झेरॉक्सचा एक कागद, इंग्लिशमध्ये, बाणांची चित्रं. आम्ही घरी काही करायचो नाही कारण करताना लागेल म्हणून भीती. म्हणजे दिवसाचे पाऊण तास तो थेरपी करत होता आणि उरलेले सव्वातेवीस तास गादीवर पडून होता. वीस सेशन संपल्यावर तिथलेच एक जण म्हणाले स्टेम सेलचा, म्हणजे मूळ पेशी टोचायच्या उपचाराचा, विचार करा, ओळखीची जागा आहे, काही लाख होतील. आम्ही दागिने मोडायच्या गोष्टी करायला लागलो होतो हो. सर्जनना फोन केला तर ते स्पष्ट नाही म्हणाले. नंतर कळलं की आयसीएमआर, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे रक्ताच्या ठराविक आजारांसारख्या मोजक्या गोष्टी सोडल्या तर स्टेम सेल संशोधनाच्या ट्रायलच्या बाहेर उपचार म्हणून देताच येत नाही, ट्रायलमध्ये पैसे पण घेत नाहीत. तुम्हाला कोणी असं काही सुचवलं तर आधी तुमच्या सर्जनना विचारा, कोणाचंही ऐकून सही करू नका.

आता हे सेंटर. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा आलो. पुण्यात सिंहगड रोडला, बिल्डिंग जुनी, दुसरा मजला, दोन खोल्या आणि एक बाल्कनी. बघून माझं मन खट्टू झालं खरं सांगते, जमिनीवर मॅट, एक मोठा बॉल, भिंतीला लाकडी बार, एक आरसा, प्लास्टिकच्या डब्यात कपड्यांचे चिमटे आणि गोट्या. मशीन नाही काही. मी सवयीने मुलाला मॅटवर ठेवलं आणि बाहेर जायला निघाले तर फिजिओच्या मॅडम म्हणाल्या, 'कुठे चाललात? बसा खाली, तुम्हीच करायचंय हे.' सासूबाई दारात उभ्या होत्या त्यांनाही आत बोलावलं, खुर्ची नको आजी, गुडघे चालत असतील तर खालीच बसा. त्या दिवशी मॅडमनी मुलाला जेमतेम दहा मिनिटं हात लावला असेल, बाकी वेळ माझे हात धरून शिकवत होत्या, कुठे धरायचं, मान कशी सांभाळायची, कुशीवरून उठून कसं बसवायचं, आणि आम्ही त्याला सारखं काखेत धरून उचलतो ते का करायचं नाही. मला पहिल्यांदा माझ्या मुलाला नीट धरता आलं. एक महिना झाला होता मी त्याला काचेचं भांडं धरावं तसं धरत होते.

माझं या सगळ्यात जे मत झालं ते एवढंच आहे, थेरपीची जागा बघायला गेलात तर मशिनं मोजू नका, आईबापाला आत घेतात का ते बघा. मुलाचा पाऊण तास त्यांचा, बाकी दिवस घरचा. त्या बाकीच्या दिवसाचं काय करायचं हे जे शिकवतात तिथेच जा.

मॅडमनी एक शंभर पानी वही आणायला सांगितली. त्यात दर सेशनला मराठीत, हाताने, घरी करायच्या तीनच गोष्टी. तीनच, दहा नाही. दहा दिल्या तर तुम्ही दोन दिवस कराल आणि मग अपराधी वाटून सगळंच सोडाल असं त्या म्हणाल्या आणि आमच्या घरात तेच झालं असतं. पुढच्या वेळी आधी वही बघायच्या, मग मूल. केलं नसेल तर ओरडायच्या नाहीत, का नाही जमलं विचारायच्या, वेळ नव्हता की तो रडला की तुम्ही दमलात, आणि त्याप्रमाणे बदलायच्या.

सासूबाईंचं सांगायलाच पाहिजे. ओटी मॅडमनी त्यांना विचारलं, आजी तुम्ही दिवसभर घरात काय करता. सासूबाई म्हणाल्या काय करणार, स्वयंपाक, पूजा, निवडणं टिपणं. मग मॅडमनी त्यातूनच सगळा हाताचा व्यायाम काढला. कणीक मळताना त्याला शेजारी बसवायचं, पाठीला भिंत, पाय जमिनीला टेकलेले, आणि लिंबाएवढा गोळा त्याच्या हातात. आधी नुसता दाबायचा, मग लांबवायचा, मग चिमटीने तुकडे तोडायचे. राजमा आणि चवळी एकत्र करून वेगळं करायचं. ताटात रवा पसरून बोटाने रेघा, मग गोल, मग अक्षर. धुणं वाळत घालताना चिमटे त्याने लावायचे, दोरी त्याच्या छातीएवढ्या उंचीवर बांधली यांनी बाल्कनीत. मला वाटलं होतं हे काय खेळणं चाललंय. पण थेरपीचा महागडा पुटीचा (हाताने दाबायच्या मऊ गोळ्याचा) डबा पहिल्या जागेवरून घेतलेला तसाच पडून होता, तो हातात दिला की हा फेकून द्यायचा, आणि आजीची कणीक मात्र रोज अर्धा तास.

आणि ते फुलपात्र. लहान मेंदूला मार बसला की हात नुसता थरथरत नाही, वस्तूच्या जवळ जाता जाता जास्त थरथरतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. म्हणजे हात लांब असताना ठीक, ग्लासापाशी पोचला की उडायचा. आम्ही प्लास्टिकचे झाकणवाले तीन सिपर आणले, तिन्ही भिंतीवर आपटले. ओटी मॅडम म्हणाल्या वस्तू फार हलकी आहे, जड काहीतरी बघा घरात. सासूबाईंनी त्यांच्या माहेरचं पितळी फुलपात्र काढलं, कल्हई करून घेतली, त्यात दोन बोटं पाणी. कोपर पाटावर टेकवलेलं, दोन्ही हातांनी फुलपात्र, आणि हळूहळू तोंडापर्यंत. पहिल्या दिवशी निम्मं पाणी शर्टावर. पण निम्मं तोंडात गेलं ना. पाणी स्वतः प्यायला तो. ऑपरेशननंतर पहिल्यांदा कोणी न पाजता. सासूबाई ते फुलपात्र आता दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. मॅडमनी सांगितलं की प्रत्येक मुलाला वजनाने फायदा होतोच असं नाही, काहींचा हात उलट लवकर दमतो, त्यामुळे आमचं बघून तुम्ही परस्पर वजनं बांधू नका, आधी विचारा.

पाणी प्यायच्या आधी गिळायची तपासणी झाली होती हे लिहायचं राहिलं. स्पीचच्या ताई मंगळवार आणि शुक्रवारी येतात, त्यांनी आधी खोकला येतो का, आवाज ओला होतो का बघितलं, आणि पातळ पाणी लगेच देऊ दिलं नाही. आधी घट्ट पेज, मग जरा सैल, मग हनुवटी छातीकडे वाकवून एक एक घोट. लोकांना वाटतं स्पीच थेरपी म्हणजे फक्त बोलायला शिकवणं, तर तसं नाही, नाकातली नळी निघाल्यावर काय आणि कसं भरवायचं हेही तेच लोक सांगतात. आम्हाला पहिल्या जागेत हे कोणी सांगितलंच नव्हतं आणि आम्ही दूध चमच्याने घालत होतो, ठसका लागायचा, ते दूध छातीत गेलं असतं तर काय, विचार करूनही अंगावर काटा येतो.

आता बोलण्याचं. ताईंनी सुरुवातीला बोलायचा आग्रहच केला नाही. त्याला काहीतरी मागता आलं पाहिजे, बोलणं येईल तेव्हा येईल, तोपर्यंत त्याला मुका ठेवायचं नाही असं त्यांचं म्हणणं. पुठ्ठ्यावर चार मोठे फोटो चिकटवले, पाणी, शू, दुखतंय, नको. चौथा फोटो माझ्या मुलीचा, हात आडवा करून नको म्हणताना. हात थरथरतो म्हणून फोटो वहीच्या पानाएवढे मोठे. पहिल्याच आठवड्यात त्याने 'नको' वर हात आपटायला सुरुवात केली आणि घरातलं किंचाळणं निम्मं कमी झालं. तो रागीट झाला नव्हता हो, त्याला सांगता येत नव्हतं. हात जरा स्थिर झाल्यावर ताईंनी जेलो नावाचं अ‍ॅप सांगितलं, आयआयटी मुंबईने केलंय, फुकट आहे, मराठीत आहे. चित्रावर टॅप केलं की शब्द बोलतं आणि कडेला हो, नाही, आवडतं, आवडत नाही, अजून, कमी अशी बटणं आहेत. आम्हाला खूप उपयोग झाला. काही नातेवाईक म्हणाले की मोबाईलच बोलायला लागला तर हा कशाला बोलेल, मी ताईंना घाबरत घाबरत विचारलं, त्या म्हणाल्या तसं होत नाही, उलट मुलाचा ताण कमी होतो आणि आवाज यायला मदतच होते. आमच्याकडे तरी तसंच झालं.

दसऱ्यानंतरचा आठवडा. सकाळी सासूबाई पेज भरवत होत्या, तिसरा चमचा, आणि तो म्हणाला 'न... को'. मधे इतका वेळ गेला की सासूबाईंना आधी कळलंच नाही, चमचा तसाच पुढे. परत म्हणाला. ऑपरेशनला नऊ आठवडे झाले होते. सासूबाई चमचा टाकून देवघराकडे पळाल्या आणि मी कणकेच्या हाताने त्याला धरलं. ताईंना फोन केला तर त्यांनी आनंद झाला म्हटलं आणि लगेच प्रश्न, आवाज नाकातून होता का, हात हलला का बरोबर, किती वेळ लागला, लिहून ठेवा. आणि एक गोष्ट बजावली, येणाऱ्या जाणाऱ्यासमोर 'म्हण बाळा नको, काकांना म्हणून दाखव' असं करायचं नाही. आम्ही तेच करणार होतो, हे फोनवर गावाकडे सगळ्यांना ऐकवायला निघाले होते. ताईंच्या सांगण्यावरून थांबलो. सांगायला फार छोटी गोष्ट वाटते पण मुलासाठी फार मोठी आहे.

फिजिओबद्दल थोडक्यात. आधी मान, मग बसणं, मग चार पायांवर रांगणं, मग गुडघ्यांवर उभं राहणं, मग एक गुडघा वर. सात वर्षांच्या मुलाला परत रांगायला लावायचं हे बघवत नव्हतं, पण मॅडम म्हणाल्या कंबर आणि पोट धरायला लागल्याशिवाय पाय काही उपयोगाचे नाहीत. डिसेंबरमध्ये रिव्हर्स वॉकर दिला, म्हणजे फ्रेम मुलाच्या मागे असते, पुढे नाही, त्यामुळे मूल पुढे न वाकता ताठ चालतं. आम्ही दुकानातून साधा पुढचा वॉकर आधीच घेऊन ठेवला होता, तो वाया गेला, म्हणून सांगते, विचारल्याशिवाय काही विकत घेऊ नका. त्याच्या वॉकरच्या खालच्या दांड्यांना वाळूच्या छोट्या पिशव्या बांधल्या म्हणजे तो उलटत नाही. वॉकर सुटल्यावर कमरेला सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचा रुंद पट्टा शिवून घेतला आणि मागून धरून चालवायचं, हात धरून नाही, हात धरला की तो आपल्यावर लटकतो आणि तोल स्वतः सांभाळायला शिकत नाही. घरातल्या फरशीच्या जोडांवरून सरळ रेषेत चालायचं, मग उलटं चालायचं, सोसायटीतली पोरं पण खेळ समजून त्याच्या मागे रांगेत चालायची.

मॅडम दर तीन महिन्यांनी तोलाची परीक्षा घेतात, पेडियाट्रिक बॅलन्स स्केल, चौदा कामं असतात, खुर्चीतून उठणं, डोळे मिटून उभं राहणं, एका पायावर उभं राहणं वगैरे, एकूण मार्क ५६. आमचे पहिल्या वेळी अगदीच कमी आले. जानेवारीत २४. वर्षाने ४५. मला हे मार्क फार महत्त्वाचे वाटतात कारण रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, रोज वाटतं आज काहीच झालं नाही, आणि मॅडम वही उघडून दाखवतात की ऑक्टोबरमध्ये तो बसत नव्हता. ज्या जागेत असं मोजून दाखवत नाहीत, नुसतं छान चाललंय म्हणतात, तिथे विचारा की छान म्हणजे किती.

एक प्रसंग लिहिते. फेब्रुवारीत एकदा तो सकाळी उलटी करून आला आणि मॅटवर झोपायला लागला. मी म्हटलं रात्री झोप झाली नाही म्हणून असेल, फी भरलीय, थोडं तरी करून घ्या. मॅडमनी सेशन बंद केलं, पैसे परत केले, आणि तिथूनच सर्जनच्या ऑफिसला फोन लावून आम्हाला रिक्षात बसवलं. डोक्यात पाणी साठलेल्या मुलाला परत डोकेदुखी, उलटी, गुंगी आली तर थांबायचं नाही, घरी जाऊन बघू म्हणायचं नाही. स्कॅन नॉर्मल आला, पोटाचा व्हायरल निघाला. पण त्या दिवसापासून माझा त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास आहे.

माझ्या मुलीबद्दल पण लिहायचंय. ती तेव्हा अकरा वर्षांची. हॉस्पिटलमध्ये असताना ती शेजाऱ्यांकडे राहिली, घरी आल्यावर सगळं घर भावाभोवती, तिचा युनिट टेस्टचा पेपर सही न करता दप्तरात महिनाभर. हे माझ्या लक्षात आलं नाही, मॅडमच्या आलं. एका शनिवारी तिला सोबत नेलं होतं, ती बाल्कनीत उभी राहिली, आत येईना. मॅडम बाहेर गेल्या, दोघी पंधरा-वीस मिनिटं बोलल्या, काय बोलल्या मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. घरी येऊन मुलगी म्हणाली, 'आई, बुधवारी मला तुझ्याबरोबर एकटीला कुठेतरी जायचंय.' तेव्हापासून बुधवारी संध्याकाळी आम्ही दोघी भाजी आणायला जातो आणि येताना भेळ खातो, भाऊ आजीकडे. मॅडमनी तिला एकच काम दिलं, रात्री झोपताना भावाला गोष्ट वाचून दाखवायची आणि मधे एक शब्द गाळायचा. तो शब्द त्याने भरायचा. थेरपिस्टच्या फीमध्ये हे बसत नाही, पण त्यांनी केलं.

आता अर्धा स्टार का कापला. लिफ्ट. आठवड्यातून एकदा तरी बंद असते, आणि चालता न येणाऱ्या मुलांच्या जागेसाठी दुसरा मजला म्हणजे मोठीच अडचण आहे, यांनी मुलाला कितीदा पाठीवर घेऊन चढवलंय. मी हे मॅडमनाही सांगितलंय, त्या तळमजल्याची जागा बघतायत, भाडं जास्त आहे. दुसरं म्हणजे रिपोर्ट. शाळेत परत घालताना थेरपीचा लेखी रिपोर्ट हवा होता, तो मिळायला तीन आठवडे लागले, चार वेळा आठवण करावी लागली, आणि तेवढ्यात शाळेने दोनदा विचारलं. तुम्हाला शाळेसाठी किंवा अपंगत्वाच्या दाखल्यासाठी कागद लागणार असेल तर महिनाभर आधी सांगा आणि मागे लागा. स्पीचच्या ताई दोनच दिवस येतात, त्यांची वेळ मिळायला वाट बघावी लागते. शनिवारी फार गर्दी, आवाजाला घाबरणारं मूल असेल तर शनिवार टाळा.

फी आमच्या वेळी एका सेशनला सातशे होती, पॅकेज नाही, ज्या दिवशी येता त्या दिवशी द्यायची. आठवड्यात पाच सेशन म्हणजे महिन्याचे चौदा हजार, आमच्यासारख्याला जड आहे, खोटं कशाला सांगू. मेडिक्लेमने ऑपरेशनचा खर्च दिला, थेरपीचा एक रुपया दिला नाही. पण सहा महिन्यांनी मॅडम स्वतःच म्हणाल्या आता तुम्हाला घरी जमतंय, आठवड्यातून तीनदा पुरे, आणि आता दोनदाच जातो. गिऱ्हाईक कमी करणारं मी दुसरं कोणी बघितलं नाही. कोणत्याही जागेत जा, पण नोंदणी विचारा, लाजू नका. फिजिओ आणि ओटीची महाराष्ट्र राज्याची कौन्सिल आहे तिथला नंबर असतो, स्पीच थेरपिस्टचा आरसीआयचा, म्हणजे केंद्राच्या पुनर्वसन परिषदेचा, नंबर असतो. इथे तिघींचे नंबर भिंतीवर फ्रेम करून लावलेत.

सध्या तो तिसरीत आहे. वर्षभर शाळा बुडाली, मग सुरुवातीला फक्त मधल्या सुट्टीपर्यंत जायचा कारण त्याला थकवा फार लवकर येतो, हा आळस नसतो हे शाळेला पटवायला वेळ लागला. बोलतो, पण सावकाश, लांब वाक्याला मधे थांबतो. वर्गातली मुलं आधी त्याचं वाक्य पुरं करून टाकायची, बाईंनी त्यांना थांबायला शिकवलं. लिहिताना जाड पेन्सिल, दुरेघीच्या मोठ्या ओळी, आणि निम्मा गृहपाठ तोंडी. पळता येत नाही अजून. येईल का, मॅडमना विचारलं तर त्या आश्वासन देत नाहीत, म्हणतात अजून सुधारतोय, चालू ठेवू. मला आधी हे उत्तर आवडायचं नाही, आता त्याच उत्तरामुळे त्यांचं बाकीचं सगळं खरं वाटतं.

पहिल्यांदा जाणार असाल तर दुपारी एक ते चार फोन लागत नाही, सकाळी दहाच्या आत करा. डिस्चार्ज समरी आणि शेवटचा एमआरआय रिपोर्ट न्या, मुलाच्या औषधांची यादी न्या, फिटचं औषध चालू असेल तर त्याची वेळ चुकवून जाऊ नका. पोट भरून लगेच नेऊ नका, उपाशीपण नको. मऊ सैल पँट, पायात घट्ट बसणारे बूट, स्लिपर नाही. तो घरी ज्यात खातो ती ताटली आणि चमचा पिशवीत टाका, त्या बघायला मागतात. शंभर पानी वही. आणि घरात आजी असेल तर आजीला नक्की न्या, मॅडम आधी त्यांच्याशीच बोलतील.